वारा धरायची गोळी

५ जानेवारी, रविवार

आज गादी फुगली आणि फुगलेलीच राहिली. सकाळी फुंकून ठेवली होती, दिवेलागणीला दाबून पाहिली तरी तशीच. याआधीच्या सगळ्या दुपारपर्यंत मान टाकायच्या. साबियाला फोन करून सांगितलं तर म्हणाली, "मग पेढे कुठायत?" तिचा काळेवाडीत रेनकोट आणि दुचाकीच्या सीटची कव्हरं करायचा गाळा आहे. प्लास्टिक जोडायचं मशीन तिचं आणि डोकं माझं, अशी आमची भागीदारी. डोकं माझं हे मीच ठरवलेलं आहे. ती नुसती हसते.

चाकणला गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत मी होते. माणूस सीटवर बसला की त्याला कुठे टोचतं, कुठे रग लागते, सीट कुठे वाजते हे शोधणं माझं काम. कंपनीने बिऱ्हाड दुसऱ्या राज्यात हलवलं, मी रहाटणीतच राहिले. ज्ञानेश म्हणाला, दुसरीकडे अर्ज टाक. मी म्हटलं, आपल्याच घरात एका माणसाला धड बसता येत नाही, आधी त्याचं बघू दे. नवरा आहे म्हणून गप्प बसला. दुसरं कोणी असतं तर विचारलं असतं, बाई गं, इतकी वर्षं परक्यांच्या बुडाची काळजी वाहिलीस, तेव्हा घरचं दिसलं नाही का?

ते घरचं माणूस म्हणजे सासूबाई. लोक त्यांना इंदुताई म्हणतात, मी आई म्हणते. मागच्या वर्षी मोरीत पाय घसरला आणि माकडहाडावर पडल्या. चालणं परत आलं, बसणं आलं नाही. माहेर त्यांचं निघोजे. तिथल्या बायकांच्या भजनी मंडळात दर एकादशीला जायच्या, ते तेव्हापासून बंद. खुर्ची मिळते, पण ती त्यांना नको. "देवाम्होरं पाय लोंबकळत सोडून टाळ वाजवू व्हय?" सतरंजीवर मांडी घालून बसायला मिळालं तर जाणार, नाहीतर नाही. म्हणून माझी गादी सतरंजीवर ठेवायची गादी आहे.

११ जानेवारी, शनिवार

हवेच्या गादीचा स्वभाव मेला फार उर्मट. आपण बसलो की ती उलट ढकलते. म्हणून मागच्या कडेला, अगदी मधोमध, आज एक छोटी झडप बसवली. बसलं की जादा हवा हळूच बाहेर जाते, उठलं की आतला पातळ स्पंज ती परत ओढून घेतो. माकडहाडाखाली पोकळी ठेवली आहे, म्हणजे ते हाड कशालाच टेकत नाही. याच पद्धतीचा टेकायला लोडही करायचाय, पण आधी बूड, मग पाठ.

मी बसले. साबिया बसली. ज्ञानेशला पहिली शिफ्ट करून आल्या आल्या बसवलं, तर तो बसल्या जागी पेंगायला लागला. याहून मोठं प्रमाणपत्र कोण देणार? पाण्याचे कॅनही ठेवून पाहिले. कुठे कुरकुर नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

आईंना बसवलं. मी हात धरून हळूहळू टेकवलं, तरी त्या डोळे गच्च मिटून होत्या. मग एक डोळा उघडला. मग दुसरा.

"वर्षे, मला बूड हाय का न्हाई त्येच कळंना."

मटार सोलत मालिका बघितली, संपल्यावरही उठायला तयार नाहीत. हल्ली घरात त्या गाऊन घालतात, मागे हात नेऊन काष्टा खोचणं होत नाही. त्या गाऊनमध्ये मांडी घालून अशा ऐटीत बसल्या होत्या की मला भरून आलं. संध्याकाळी निघोज्याला फोन. त्यांच्या भावजय सोजराबाई मंडळाच्या कर्त्याधर्त्या. सव्वीस जानेवारीला गावात ज्येष्ठांचं विरंगुळा केंद्र सुरू होतंय, त्यात यांचं भजन आहे. "म्या येनार हाय. सुनंनं गादी केलीया माझी," असं आई फोनवर तीनतीनदा सांगत होत्या. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते आणि तीनदा ऐकूनही माझं पोट भरलं नाही.

२६ जानेवारी, रविवार

केंद्राचं उद्घाटन छान झालं. अध्यक्ष मारुतराव यांनी केंद्रासाठी गाद्या सांगितल्या. पहिलं काम मिळालं. दमले आहे, आज एवढंच.

२७ जानेवारी, सोमवार

काल खोटं लिहिलं नाही, पण खरंही लिहिलं नाही.

हॉल गच्च भरला होता. बायका एका बाजूला सतरंजीवर, पुरुष दुसऱ्या बाजूला. आई पहिल्या रांगेत, हिरव्या नऊवारीत. काष्टा मीच खोचून दिला होता आणि गादीवरही मीच धरून बसवलं होतं. भजन रंगलं. इतक्या महिन्यांनी टाळ हातात आले म्हणून आईंचा आवाज सगळ्यांच्या वर लागत होता. मारुतराव एका कंपनीतून निवृत्त झालेले, गावात शब्दाला वजन असलेले. ते माझ्याजवळ भिंतीशी येऊन म्हणाले, "सूनबाई, इंदुताई जागच्या हलल्या न्हाईत राव! आपल्या केंद्राला अशाच करून द्या. आणि शेजारच्या गावांतली केंद्रंबी माझ्या वळखीची हायेत." मी तिथल्या तिथे हवेत.

शेवटी वर्षभरात गेलेल्या सभासदांना श्रद्धांजली. सगळे उठले. आईंना सोजराबाईंनी हात दिला. सगळीकडे सामसूम. मग कोणीतरी हळूच "बसा" म्हणालं. बायका हात टेकत बसल्या, पण आईंचे गुडघे शेवटच्या वीतभर अंतरावर दगा देतात. त्या बदकन बसल्या.

आणि तो आवाज झाला. चांगला लांब, वर चढत गेलेला. त्या शांततेत मागच्या दारातल्या माणसालाही ऐकू गेला असेल.

मग सोजराबाईंना राहवलं नाही. "वन्सं, संक्रांतीची भोगी अजून पोटातच हाय व्हय?" झालं. बायका फुटल्याच. पुरुषांकडचे खांदेही हलायला लागले. आईंनी पदर पुढे ओढला आणि म्हणाल्या, "म्हातारं पोट, बाई. धरत न्हाई आता." आणि मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मला पहिल्या क्षणालाच कळलं होतं. सीटचे आवाज ऐकण्यात माझी उमर गेली आहे. पोटाचा आवाज आणि झडपेचा आवाज मला झोपेतही वेगळा ओळखू येईल. "अहो, गादी वाजली," एवढंच म्हणायचं होतं. ते तोंडाशी आलंसुद्धा. पण मारुतराव शेजारी उभे होते आणि डोक्यात आलं, पादणारी गादी कोण घेईल?

मी गप्प बसले. नुसती गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. सगळे हसत होते म्हणून मीही हसले. आईंनी ते पाहिलं.

येताना गाडीत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मीही नाही. लाज वाटते आहे, दुसरा शब्द सापडत नाही.

३० जानेवारी, गुरुवार

झडप का वाजली ते सापडलं. दोन दिवस साबियाच्या गाळ्यात बदकन बसून बसून माझंच माकडहाड दुखायला लागलं, पण आवाज म्हणून होईना. शेवटी साबियाच म्हणाली, "तुझ्या सासूने त्या दिवशी काय नेसलं होतं?" मी घरून आईंची नऊवारी पिशवीत घालून आणली, जशी येईल तशी नेसले, काष्टा खोचला आणि बसले. पहिल्याच झटक्याला वाजली. साबिया हसून हसून मशीनवर आडवी झाली.

काष्ट्याचा गोळा बरोबर झडपेवर येतो. झडप अर्धी मिटते आणि हवा ओठ आवळून बाहेर पडते. मी सलवारीत बसले, ज्ञानेश पँटमध्ये, आई घरात गाऊनमध्ये, आणि कॅनला तर काही नेसायचंच नसतं. निघोज्यातल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्या नऊवारीवाल्या. ज्यांच्यासाठी गादी केली त्यांचं नेसणंच मी विसरले. करायला गेले गणपती आणि झालं माकड, ते असं.

उपाय सोपा निघाला. नव्या गादीत झडप मागच्या कडेऐवजी बाजूच्या कोपऱ्यात, गुडघ्याखाली बसवली. आता काष्टा घालून उड्या मारल्या तरी चूं नाही.

साबिया डोळे पुसत म्हणाली, "सासूला सांगितलंस का?"

"सांगेन गं."

"आज सांग. असली गोष्ट शिळी झाली की सांगवत नाही बघ."

ती बोलायला मोकळी आहे. तिच्या सासूने तिच्याकडे तसं पाहिलेलं नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

जुनी गादी कात्रीने कापली आणि सुक्या कचऱ्यात घालून सकाळच्या घंटागाडीत टाकली. झडपही कापली. सुधारलेल्या गाद्यांत जुनी चुकून मिसळायला नको, असं ज्ञानेशला सांगितलं. ते खरंही आहे. पण कापताना कोणी येत नाही ना म्हणून मी दाराकडे बघत होते. चोराच्या मनात चांदणं.

आईंनी आज हरभऱ्याची उसळ ताटातून परत वाटीत काढून ठेवली. "नगं मला." परवा राजमाही असाच परत केला. माझ्यावरचा राग अन्नावर काढताहेत. काढू देत, त्यांचा हक्क आहे. मी तरी कुठल्या तोंडाने आग्रह करू?

८ फेब्रुवारी, शनिवार

आज एकादशी. गाद्या घेऊन मी आणि साबिया निघोज्याला गेलो. आईंना म्हटलं चला, तुमच्या भजनाचाच दिवस आहे. "कंबर दुखतीया." बघितलं तर कंबरेत काही नव्हतं, सकाळी त्यांनीच वाकून देव्हारा पुसला होता.

मारुतराव गादीवर बसले ते उठेनात. "झकास!" म्हणाले. सोजराबाईंनी मला चहा दिला आणि हसत विचारलं, "वन्सं न्हाई आल्या? पोट बरं हाय न्हवं त्यांचं?" पाच-सहाजणी पदरात तोंड घालून हसल्या. थट्टाच होती, वाकडं कोणाच्या मनात नव्हतं. तेव्हाही सांगता आलं असतं. पण समोर गाद्यांचा ढीग, बायकांपैकी अजून कोणी बसूनही पाहिलेलं नव्हतं. म्हटलं, आधी रुळू देत, मग सांगू.

परतल्यावर गाळ्यापाशी उतरताना साबिया म्हणाली, "वर्षाली, तू हुशार आहेस. पण आज मला तुझ्या शेजारी बसायला नको वाटलं."



१५ फेब्रुवारी, शनिवार

आई वाळल्यात. रात्री जेवतच नाहीत, नुसतं कोमट पाणी. दुपारी ज्वारीची अर्धी भाकरी आणि दुधी. वरणाला हात लावत नाहीत. दिवसभर ओवा चावत असतात. कालच डबा भरला होता, आज तळ दिसतोय. भाताचा कुकर लावला की विचारतात, "डाळीत हिंग घातलास का? तुमच्यासाठी म्हनते." त्या खाणार नाहीत तर हिंगाची एवढी चौकशी कशाला? म्हातारपणी माणूस कशावर अडून बसेल सांगता येत नाही.

आम्ही टीव्हीपुढे बसलो की त्या उठून आतल्या खोलीत जातात. शेजारच्या विजयश्रीवहिनी आल्या होत्या, त्यांना बघूनही आत गेल्या. ज्ञानेश म्हणाला, "तुमचं दोघींचं भांडण झालंय का?" मी म्हटलं, नाही. त्याने आईंना विचारलं, त्याही म्हणाल्या, न्हाई. दोघी खरं बोललो.

मला वाटतं, मी हसले ते त्यांच्या मनातून जात नाही. माफी मागायची तर कशाबद्दल मागते ते सांगावं लागेल. तेच होत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी ओट्याशी उभ्या असताना आईंना घेरी आली. ओट्याला धरून खाली बसल्या म्हणून लागलं नाही. पिंपळे सौदागरच्या आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्त कमी, अशक्तपणा. "खाता काय तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं तर आई पदर सावरायला लागल्या. मग मला म्हणाल्या, "तू भायेर थांब जरा."

मी पडद्याबाहेर थांबले. पडदाच तो, भिंत थोडीच.

आई म्हणाल्या, "डाक्टर, वारा धरायची गोळी असती का वो?"

"गॅस होतो का?"

"न्हाई, तसा व्हत न्हाई. पर चारचौघांत सुटला. मला कळलंबी न्हाई कवा सुटला. आता भावाच्या नातीचं लगीन हाय, मांडवात बसाया लागंल. म्या खानं समदं सोडून बघितलं. पर भ्या वाटतंय. आपलं आपल्याला कळंना म्हंजी काय वो, डाक्टर? म्होरं अंथरुनात घान करायची का म्या?"

डॉक्टर काहीतरी समजावत होते. मला पुढचं ऐकू आलं नाही.

रागावल्या नव्हत्या त्या. माझ्यावर एक क्षणही रागावल्या नव्हत्या. इतके दिवस त्या स्वतःच्याच अंगाला भीत होत्या, आणि मी वहीत लिहीत बसले होते की म्हातारपणी माणूस अडून बसतं. ओवा, हिंग, रात्रीचं पाणी, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. आज हे लिहिताना माझा मलाच संताप येतोय.

तिथेच पडदा सारून आत जाता आलं असतं. मी गोळ्या घेतल्या, रिक्षा थांबवली आणि आईंना हात देऊन बसवलं. घरी येऊनही बोलले नाही. आता ज्ञानेश आलाय, त्याच्या देखत कसं सांगू? उद्या सांगते. उद्या नाही सांगितलं तर मी माणूस नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ज्ञानेश शिफ्टला गेल्यावर सांगितलं. आई कॉटवर पडून होत्या. मी जमिनीवर बसले. झडप, काष्टा, सगळं. गादी कापून टाकली तेही सांगितलं. मधे थांबले असते तर परत सुरू करता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं.



"म्हंजी म्या न्हवते?"

"नाही, आई. गादी होती."

"तुला तवाच ठावं व्हतं?"

"हो."

त्या उठून बसल्या. चेहरा असा मोकळा झाला की मला वाटलं, सुटले. पण मग माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आला.

"आन तू हसलीस."

पाय धरायला गेले तर त्यांनी पाय वर घेतले. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "सोमवारी एकादस हाय. चल निघोज्याला. जितं हसलीस तितंच समद्यांम्होरं सांग. मंग म्या जेवते." मग स्वतःच हसल्या. "न्हाई, जेवन वाढ. लई भूक लागलीया."

वरण-भात दोनदा घेतला. मी वाढताना रडत होते, त्या खाताना माझ्याकडे बघत नव्हत्या. साबियाला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "सोमवारी मीही येऊ का?" म्हटलं नको, हे माझं मीच करते. काम हातचं गेलं तर तिलाही झळ लागेल, हेही सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ दे गेलं तर."

२४ फेब्रुवारी, सोमवार

आताच परत आलोय. सगळं नीट लिहिते.

आईंनी तीच हिरवी नऊवारी नेसली. जाताना शेअर रिक्षात अख्खा रस्ता गप्पा मारत होत्या, मोशीला कुठे काय होतं, लहानपणी चालत कशा यायच्या. केंद्रात आम्हाला पाहून बायकांनी जागा करून दिली. आता सगळ्याच माझ्या गाद्यांवर बसलेल्या. भजन झालं. आईंचा आवाज परत सगळ्यांच्या वर. मग त्यांनी मला कोपराने ढोसलं.

मी उभी राहिले. म्हटलं, "मला एक सांगायचंय. सव्वीस तारखेला इथे जो आवाज झाला तो आईंचा नव्हता. माझ्या गादीचा होता. झडप चुकीच्या जागी होती. मला तेव्हाच कळलं होतं, पण काम जाईल म्हणून मी गप्प बसले आणि तुम्हाला आईंवर हसू दिलं. मीसुद्धा हसले. चूक माझी आहे. तुम्ही सगळ्यांनी आईंची माफी नाही मागितली तरी चालेल, मी मागते." आणि सगळ्यांसमोर आईंच्या पायांवर डोकं ठेवलं.

मग कोणाचं तरी नाक ओढल्याचं ऐकू आलं. वर बघते तर सोजराबाई पदराने डोळे पुसताहेत.

"वन्सं, नशीब काढलंत वो. आमच्या सुना चारचौघांत आमचं हसं करत्यात आन ही बघा, सासूची लाज आपल्या अंगावर घेती!"

मला आधी कळलंच नाही त्या काय म्हणताहेत. म्हटलं, "मामी, अहो खरंच गादी होती." तर आणखी दोघी रडायला लागल्या. मारुतराव पुरुषांच्या बाजूने उठून आले. "सूनबाई, तुमच्या मनाचा मोठेपणा हाय. पण उगा आपल्या मालाला नावं ठेवू नका. म्या सोता रोज बसतो. गादीत एक दोष न्हाई."

"ती वेगळी होती! यांतली झडप मी हलवलीय!"

"मग ती दाखवा की."

"कापून टाकली."

एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "बघ, पुरावाबी न्हाई ठेवला पोरीनं," आणि दोघी मायेने हसल्या.

आई हे सगळं बघत होत्या. त्यांना राहवलं नाही. "थांबा, म्या दावते," म्हणाल्या. मी "आई, ही ती नाही" म्हणेपर्यंत त्या सोजराबाईंच्या खांद्याला धरून उठल्या, काष्टा नीट केला आणि सगळ्यांच्या देखत बदकन गादीवर बसल्या.

काही वाजलं नाही.

परत उठल्या. परत बसल्या, आधीपेक्षा जोरात. माझी झडप कोपऱ्यात निमूटपणे हवा सोडत होती. इतकं चोख काम मी जन्मात केलं नसेल आणि त्या क्षणी ते मला माझ्या हाताने फाडून टाकावंसं वाटलं. तिसऱ्यांदा उठायला गेल्या तेव्हा सोजराबाईंनी त्यांचा हात धरला. "असू द्या, वन्सं. व्हतं म्हातारपणी. आमी काय तुमाला परक्या हाव का?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. आता कोणी हसत नव्हतं. हसत होत्या तेच बरं होतं.

मग त्यांनी मला पाटावर बसवलं आणि माझी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. गुणाची सून म्हणून. मी नको नको म्हणत होते आणि प्रत्येक नकोला त्यांच्या डोळ्यांत पाणी येत होतं. मारुतरावांनी शेजारच्या दोन केंद्रांना फोन लावला. माझ्या गाद्यांबद्दल सांगितलं आणि माझ्याबद्दलही.

येताना रिक्षात आम्ही दोघीच मागे होतो. नारळ माझ्या मांडीवर. आई बाहेर बघत होत्या. बराच रस्ता गेल्यावर हळूच म्हणाल्या, "वर्षे, एक इचारू? खरं सांगशील?"

"विचारा ना."

"माझ्यासाठनं तर न्हाईस ना बोललीस? घेरी आली, डाक्टरकडं म्या त्ये बोलले, त्ये ऐकलंस म्हनून?"

"नाही हो, आई! देवाशपथ. गादीच वाजली होती. मी काष्टा घालून बसून पाहिलंय. साबियाला विचारा."

त्या माझ्याकडे बघून हसल्या. सव्वीस तारखेपासून माझ्यावर एवढी माया त्यांच्या चेहऱ्यावर मी पाहिली नव्हती. माझा हात हातात घेतला आणि वरून थोपटला.

"व्हय व्हय. गादीच व्हती."

मोशीला एक बाई रिक्षात चढली आणि आमच्या शेजारी बसली. आईंनी माझा हात सोडला, अंग आक्रसून घेतलं आणि रिक्षाच्या उघड्या बाजूला जाता येईल तितक्या सरकून बसल्या.